‘काही निघणार नाही’ हे पुरेसं नाही

स्तनात गाठ हाताला लागते किंवा मॅमोग्राफीत काहीतरी दिसतं. डॉक्टर बायॉप्सी सांगतात आणि अहवाल हाती येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. या दिवसांत त्या बाईच्या कानावर सगळ्यात जास्त वेळा पडणारं वाक्य एकच असतं: ‘काही निघणार नाही, तू उगाच विचार करू नकोस.’ नवरा म्हणतो, नणंद म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. बोलणाऱ्याच्या मनातल्या मायेविषयी शंका नाही. तरी या वाक्यामागची समजूत उथळ आहे, असं माझं ठाम मत आहे. ही अनिश्चितता म्हणजे त्या बाईच्या मनाचा कच्चेपणा आहे आणि चार आशेचे शब्द ऐकवले की तो दूर होतो, असं ही समजूत गृहीत धरते.

माझी भूमिका वेगळी आहे. ही अनिश्चितता त्या बाईच्या मनाने उभी केलेली नसते. ती तपासणीच्या कागदावर छापलेली असते, रेडिओलॉजिस्टने सहीनिशी मान्य केलेली असते. तिला मोजता येण्याजोगा आकार असतो, हद्द असते आणि मुदत असते. म्हणून या दिवसांत दिलाशापेक्षा नेमकेपणाची गरज मोठी असते. आत्ता काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि ते कोणत्या तारखेला कळेल, या तीन गोष्टी त्या बाईला स्पष्ट सांगितल्या गेल्या पाहिजेत. त्या सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांची, कुटुंबाची आणि आरोग्यव्यवस्थेची आहे. ती तिच्या मनोबलावर ढकलता येणार नाही. हे टप्प्याटप्प्याने मांडतो आहे.

१. अहवाल नेमकं काय म्हणतो

स्तनाच्या तपासण्यांचे अहवाल आज बहुतेक ठिकाणी ‘बायरॅड्स’ पद्धतीने लिहिले जातात. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येक रेडिओलॉजिस्ट आपापल्या भाषेत लिहायचा आणि वाचणाऱ्या सर्जनला त्यातून पुढची कृती ठरवता यायची नाही, ही त्यामागची अडचण होती. म्हणून वर्ग ठरले, आज ते शून्य ते सहा असे आहेत. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रं हवीत. एक म्हणजे काही आढळलं नाही, दोन म्हणजे जे दिसतं ते निर्धोक. तीन म्हणजे बहुधा निर्धोक, कॅन्सरची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं. चार म्हणजे संशयास्पद, बायॉप्सी हवी. पाच म्हणजे शक्यता ९५ टक्के किंवा अधिक. सहा म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला.

खरी परीक्षा चौथ्या वर्गाची आहे, कारण तो दोन टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे. म्हणून त्याचे पुढे तीन भाग केले गेले. ४ए म्हणजे दोन ते दहा टक्के, ४बी म्हणजे दहा ते पन्नास, ४सी म्हणजे पन्नास ते ९५. ४ए वर्गातल्या शंभर बायका एका सभागृहात बसल्या आहेत असं धरलं, तर त्यातल्या नव्वद किंवा त्याहून अधिक जणींना कॅन्सर नसतो. ४सीच्या सभागृहात अर्ध्याहून जास्त जणींना तो असतो. या दोघींनाही ‘काही निघणार नाही’ म्हणणं म्हणजे पहिलीला तिच्या हक्काची माहिती न देणं आणि दुसरीची फसवणूक करणं.

आता हा कागद प्रत्यक्षात कसा हाती पडतो ते पाहा. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत फिल्म, तिला स्टेपल केलेला एक पानी अहवाल. वर लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, मध्ये ‘इरेग्युलर मार्जिन’, ‘हायपोएकोइक’ असे शब्द, तळाशी ठळक अक्षरांत ‘बायरॅड्स ४’ आणि त्याखाली ‘हिस्टोपॅथॉलॉजिकल कोरिलेशन सुचवले आहे’. सेंटरच्या बाकावर बसून मुलगा किंवा पुतणी तो वाचते आणि चारचा अर्थ लावते चौथी स्टेज. संशयाच्या वर्गाचा आकडा आजाराच्या टप्प्याचा म्हणून वाचला जातो आणि घराच्या पायाखालची वाळू सरकते. शून्य वाचून निश्चिंत होणारे आणि पुढच्या तपासणीला न जाणारेही असतात. एक वाक्य सांगितलं असतं तर दोन्ही टळलं असतं. हा दोष घाबरणाऱ्या बाईचा मानता येत नाही.

२. टक्केवारीला पाया लागतो

नुसता आकडा सांगूनही भागत नाही. तो कोणत्या गटाविषयी आहे हे कळावं लागतं. इथे डॉक्टरही चुकतात, याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. डेव्हिड एडी यांनी १९८२ मध्ये मॅमोग्राफीविषयी डॉक्टरांना विचारलेल्या एका प्रश्नाची हकिगत मांडली. ज्या गटात शंभरात एकीला कॅन्सर असतो, ज्या तपासणीत असलेला कॅन्सर ८० टक्के वेळा सापडतो आणि नसताना ९.६ टक्के वेळा चुकून ‘आहे’ असं दिसतं, त्या तपासणीत संशय आला तर कॅन्सर असण्याची शक्यता किती? शंभरातल्या ९५ डॉक्टरांनी उत्तर दिलं ७५ टक्क्यांच्या आसपास.

हाच हिशेब माणसं मोजून करू. हजार बायका. दहा जणींना कॅन्सर आहे, त्यांतल्या आठ जणींचा सापडतो. उरलेल्या ९९० जणींना नाही, पण त्यांतल्या ९५ जणींच्या फिल्ममध्ये चुकून संशय दिसतो. म्हणजे संशय आलेल्या १०३ जणी, आणि त्यांतल्या फक्त आठ जणींना खरोखर कॅन्सर. शंभरात साधारण आठ. शिकलेल्या माणसाच्या अंदाजात आणि वस्तुस्थितीत नऊपट अंतर पडतं, ते गणित कठीण म्हणून नव्हे, ते टक्क्यांत मांडलं म्हणून.

याची उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. वरचा हिशेब लक्षण नसताना चाळणी म्हणून केलेल्या तपासणीचा आहे. आपल्याकडे बहुसंख्य बायका तपासणीला येतात त्या हाताला गाठ लागल्यावर, आणि पुष्कळदा गाठ लागून काही महिने उलटल्यावर. त्यांच्यात कॅन्सर असण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून ‘बहुतेक बायॉप्सी निर्धोकच निघतात’ हे परदेशी चाळणी-तपासण्यांवरचं वाक्य उचलून इथल्या बाईला ऐकवणं बरोबर नाही. तिची शक्यता तिचं वय, तिची गाठ, तिच्या गाठीच्या कडा आणि तिचा वर्ग यांवरून ठरते. तिशीच्या आतली गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी गाठ बहुधा निर्धोक फायब्रोअॅडिनोमा असते. स्तनातला क्षयरोग आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस हे विकार चित्रावर हुबेहूब कॅन्सरसारखे दिसू शकतात, आणि आपल्या देशात ते दुर्मिळ म्हणून सोडून देण्याजोगे नाहीत. संशयाचं चित्र म्हणजे निदान नव्हे, हे यावरून कळतं. ते निदान का नाही आणि कितपत दूर आहे, हे तिच्या डॉक्टरनेच तिला सांगितलं पाहिजे.

३. न कळणं हाच एक भार आहे

‘अजून काही झालेलंच नाही, मग त्रास कसला?’ असं विचारलं जातं. प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागचं गृहीतक चुकीचं आहे. न कळणं हा स्वतंत्र त्रास आहे, आणि तो शरीरात मोजता येतो.

‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात २००९ मध्ये एल्व्हिरा लँग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाची बायॉप्सी झालेल्या बायकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, त्यांनी काही दिवस मोजलं. ज्यांचं निदान अजून हाती आलं नव्हतं त्यांचा कॉर्टिसॉलचा आलेख, कॅन्सर असल्याचं कळलेल्या बायकांच्या आलेखासारखाच बिघडलेला होता. निर्धोक निदान कळलेल्यांचा तसा नव्हता. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी दुसऱ्या वाटेने हेच दाखवलं. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना हाताला विजेचा सौम्य झटका बसणार की नाही याचा अंदाज करायचा होता. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जितका ताण होता, त्याहून जास्त ताण शक्यता पन्नास-पन्नास असताना आढळला.

निर्धोक निकाल लागला की सगळं पुसलं जातं, हेही खरं नाही. डेन्मार्कमध्ये ब्रॉडरसन आणि सिएर्समा यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मॅमोग्राफीत संशय येऊन पुढे कॅन्सर नसल्याचं ठरलेल्या बायकांवर तीन वर्षांनंतरही मानसिक परिणाम दिसत होते. निदानानंतर सहा महिन्यांनी मनःशांतीच्या बाबतीत त्यांची अवस्था कॅन्सर निघालेल्या बायकांइतकीच हलली होती.

यातून निघणारा निष्कर्ष असा. वाट पाहणाऱ्या बाईला ‘अजून आजारी नसलेली’ म्हणून बाजूला ठेवता येत नाही. तिच्या शरीराने भार उचललेला आहे. ‘निकाल चांगला आला ना, मग झालं’ असं म्हणून मागचे दिवस रद्द होत नाहीत. त्या दिवसांकडेही उपचाराचा भाग म्हणून पाहिलं पाहिजे.

४. सकारात्मकतेची सक्ती

मग ‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्याचं काय? तो निरुपद्रवी वाटतो म्हणून त्याची चिकित्सा होत नाही. मला त्यात तीन दोष दिसतात.

पहिला दोष: तो खोटं कारण सुचवतो. विचार चांगले ठेवले तर निकाल चांगला येतो, असं तो न बोलता सांगतो. पेशी काय आहेत हे सुई लागली त्या क्षणी ठरलेलं असतं, मधल्या दिवसांतल्या विचारांनी ते बदलत नाही. पुढच्या आजारातही मनःस्थितीने आयुष्य वाढतं हा समज पुराव्यापुढे टिकलेला नाही. जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोके-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भावनिक स्वास्थ्य आणि जगण्याचा काळ यांत त्यांना संबंध आढळला नाही.

दुसरा दोष: तो दोष रुग्णावर टाकतो. आशेने आजार हटतो असं मानलं की आजार निघाला तेव्हा आशा कमी पडली, असा अर्थ आपोआप निघतो. सुसान सोन्टॅग यांनी १९७८ मध्ये ‘इलनेस अॅज मेटाफर’मध्ये आजाराचं मूळ स्वभावात शोधण्याच्या या प्रवृत्तीवर हल्ला चढवला होता. बार्बरा एहरेनराइक यांनी स्वतःच्या स्तनाच्या कॅन्सरनंतर २००१ मध्ये लिहिलेल्या लेखात, हसतमुख राहण्याची सक्ती रुग्णावर दुसरं ओझं कशी घालते हे दाखवलं. आपल्याकडे या सक्तीला वेगळं रूप आहे. ‘शुभ बोल नाऱ्या’ आणि ‘वास्तू तथास्तु म्हणते’ या दोन वाक्यांनी घरातलं बोलणंच बंद होतं. ‘निघालं तर काय करायचं?’ एवढं बाईने विचारलं तरी तिला गप्प केलं जातं, जणू विचारल्यानेच ते घडणार आहे. मग ती भीती एकटीने, रात्री, भिंतीकडे तोंड करून सांभाळते.

तिसरा दोष: तो फारसा चालतच नाही. केट स्वीनी आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा देऊन चार महिने निकालाची वाट पाहणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास २०१६ मध्ये मांडला. मन शांत ठेवण्याच्या नेहमीच्या युक्त्यांनी त्यांचा ताण फारसा कमी झाला नाही. उलट ज्यांनी काळजीत आणि शंकेत दिवस काढले, त्यांनी वाईट निकाल अधिक सावरून घेतला आणि चांगल्या निकालाचा आनंदही त्यांना अधिक झाला. परीक्षेचा निकाल आणि बायॉप्सीचा अहवाल एक नव्हेत, हे मान्य. तरी एक गोष्ट यातून घेण्यासारखी आहे. काळजी ही प्रत्येक वेळी अपयश नसते, ती तयारीही असते. पाऊस लांबला तर दुबार पेरणीसाठी बियाणं बाजूला ठेवणाऱ्या शेतकऱ्याला कोणी निराशावादी म्हणत नाही.

विवेकनिष्ठ मानसोपचार मांडणारे अल्बर्ट एलिस महाराष्ट्रातल्या वाचकांना नवे नाहीत. त्यांचं एक निरीक्षण इथे थेट लागू पडतं. माणसाला अनिश्चितता तर ग्रासतेच, पण त्याहून अधिक ग्रासतो ‘मला आत्ता, खात्रीने कळलंच पाहिजे’ हा हट्ट. ‘काही निघणार नाही’ हे वाक्य हाच हट्ट खोट्या खात्रीने पुरवू पाहतं. ते बोलणारा गेला की खात्री संपते आणि हट्ट तेवढा उरतो.

५. सुईपासून अहवालापर्यंत

वाट पाहण्याचे दिवस रिकामे वाटतात, कारण त्या काळात काय चाललं आहे हे कोणी सांगत नाही. प्रत्यक्षात ते कामाने भरलेले असतात. कोअर बायॉप्सीत जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत जाड सुई गाठीत नेतात. स्प्रिंग सुटल्याचा ‘टक्’ असा आवाज होतो आणि उदबत्तीच्या काडीहून बारीक असा पांढुरका तुकडा सुईच्या खाचेत येतो. असे चार-सहा तुकडे फॉर्मलिनच्या छोट्या बाटलीत जातात. लहान शहरांत अनेकदा ही बाटली नातेवाइकाच्या हाती देऊन ‘लॅबमध्ये नेऊन द्या’ असं सांगितलं जातं, आणि तो ती रिक्षात मांडीवर धरून नेतो.

पुढे तुकडे फॉर्मलिनमध्ये पुरेसे मुरावे लागतात. हार्मोन रिसेप्टरच्या चाचण्या विश्वासार्ह येण्यासाठी ही मुदत किमान सहा तास आणि जास्तीत जास्त ७२ तास धरतात. मग पाणी काढून टाकणं, मेणात बसवणं, मिलिमीटरचे काही हजारांश जाडीचे काप काढणं, रंग देणं आणि पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. कॅन्सर दिसला तर उपचार ठरवणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या चाचण्यांना आणखी दिवस जातात. उशीर म्हणजे ‘काहीतरी वाईट निघालं म्हणून लपवतात’ असा अर्थ घरोघर लावला जातो. या पायऱ्या आधी सांगितल्या तर तो अर्थ लावायला जागाच उरत नाही.

इथे एका घातक समजुतीचं उत्तर देणं भाग आहे: ‘सुई लावली की गाठ चवताळते, पसरते.’ सुईच्या मार्गात काही पेशी सरकू शकतात, हे खरं आहे. पण त्यामुळे आजार बळावून आयुष्य घटतं याला पुरावा नाही. उलट सुईने निदान न करता गाठ सरळ कापून काढली, तर दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते आणि आधी औषधांनी गाठ लहान करण्याची संधी हातची जाते. सुईची भीती घालणारा शेजारी आणि खोटा धीर देणारा नातेवाईक एकमेकांविरुद्ध बोलत असले, तरी नेमकी माहिती तिच्यापर्यंत दोघंही पोहोचू देत नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. बायॉप्सीचा अहवाल नेहमी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा नसतो. ‘अटिपिया’ म्हणजे पेशींची संशयास्पद ठेवण आढळली तर सहसा तो भाग काढून पुन्हा तपासावा लागतो. चित्र फार संशयास्पद आणि अहवाल मात्र निर्धोक असेल, तर दोन्ही जुळत नाहीत म्हणून बायॉप्सी पुन्हा करतात. हर-टूची चाचणीही कधी अधांतरी येते. ‘एकदा अहवाल आला की सुटलीस’ असं सांगितलेल्या बाईला अशा वेळी दुप्पट धक्का बसतो. अनिश्चितता पुन्हा येऊ शकते, म्हणून ती नीट हाताळायला पहिल्याच वेळी शिकणं शहाणपणाचं.

६. माहिती कोणाची

आपल्याकडे अहवाल अनेकदा बाईच्या आधी नवऱ्याला किंवा मुलाला सांगितला जातो. ‘तिला सांगू नका, ती खचेल’ अशी विनंती डॉक्टरला केली जाते आणि पुष्कळदा मान्यही होते. शरीर तिचं, सुई तिला लागली, पण निदान घरातल्या पुरुषांच्या मोबाइलवर. या प्रथेला प्रेम म्हणणं मला मान्य नाही. शरीर ज्याचं, त्याविषयीची माहितीही त्याचीच, हे तत्त्व बाईच्या बाबतीत सोडून देण्याचं कारण नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यावी लागतात. डॉक्टरने आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असंही तेच नियम म्हणतात. ‘काही निघणार नाही’ हे त्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं उल्लंघन आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला नवी पद्धत आहे. लॅबचा पीडीएफ थेट फोनवर येतो, तो कधी रात्री नऊला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डॉक्टर भेटणार नसतात. लपवणं आणि असं उघड्यावर टाकणं, दोन्हीत तिला विचारलेलंच नसतं. बायॉप्सीच्या आधी एक प्रश्न विचारणं कठीण नाही: ‘ताई, अहवाल आला की तुम्हाला कसा कळवू? समोर बसून, की फोनवर? सोबत कोण असावं?’

७. आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप: आकडे सांगितले तर ती अधिक घाबरेल. पण आकडा सांगितला नाही म्हणून मन कोरं राहत नाही. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बायरॅड्स ४ चा अर्थ चौथी स्टेज लावून बसलेल्या बाईला खरा आकडा कळला तर तिचं भय बहुतेक वेळा कमीच होईल. आणि शक्यता खरोखर जास्त असेल, तर ते ऐकण्यासाठी लागणारा वेळ तिला मिळेल.

दुसरा आक्षेप: टक्केवारी सगळ्यांना कळत नाही. बचत गटात शेकडा दोन रुपयांनी व्याजाचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या बायकांविषयी असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. ‘तुमच्यासारख्या शंभर जणींत पाच-सात जणींना निघतो’ हे वाक्य कोणत्याही गावात कळतं. शिक्षण कमी पडत नाही, सांगण्याची तयारी कमी पडते.

तिसरा आक्षेप: काहींना जाणून घ्यायचंच नसतं. तो त्यांचा हक्क आहे. मात्र तो तिने स्वतः बोलून दाखवलेला असावा, घरच्यांनी तिच्या वतीने गृहीत धरलेला नसावा.

चौथा आक्षेप: नेमकेपणाच्या नावाखाली श्रद्धेवर घाला घातला जातो. तसा हेतू नाही. कोणी नामस्मरण करावं, कोणी नवस बोलावा, कोणी मुलांजवळ बसून राहावं. आशा ज्याची त्याने ठेवावी, ती दुसऱ्याने लिहून देऊ नये, एवढंच म्हणणं आहे. काढा आणि अंगारा यांपायी बायॉप्सीची तारीख पुढे गेली, तर मात्र तिथे श्रद्धेचा प्रश्न संपतो आणि जिवाचा सुरू होतो.

पाचवा आक्षेप सर्वांत गंभीर: वाट पाहण्यातच आजार वाढत नाही का? इथे दिवस आणि महिने यांत फरक करायला हवा. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की लक्षणांपासून उपचारापर्यंत तीन महिन्यांहून अधिक उशीर झालेल्यांचं जगण्याचं प्रमाण कमी असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या स्तन-कॅन्सर उपक्रमात, रुग्ण पहिल्यांदा आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं असं उद्दिष्ट ठेवलं आहे. म्हणजे आठ-दहा दिवस नीट निदानासाठी देण्याने नुकसान होत नाही. घाबरून घरी बसण्यात आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरण्यात महिने जातात, ते नुकसान मोठं. ‘काही निघणार नाही’ या दिलाशाचा सर्वांत मोठा तोटा हाच आहे. काही निघणारच नसेल, तर घाई कशाची?

८. मग करायचं काय

नेमकेपणा प्रत्यक्षात असा दिसतो. बाईने किंवा तिच्या माणसाने वहीत तीन रकाने आखावेत: ठाऊक आहे, ठाऊक नाही, कधी कळेल. डॉक्टरांना विचारावं: वर्ग कोणता आणि कशावरून? कोणत्या पद्धतीची बायॉप्सी? अहवाल कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाही आला तर फोन कोणाला? निर्धोक निघालं तर पुढची तपासणी कधी? कॅन्सर निघाला तर पहिली पायरी कोणती? शेवटचे दोन प्रश्न एका दमात विचारावेत, म्हणजे दोन्ही वाटा सारख्याच बोलण्याजोग्या होतात.

दोन्ही वाटांची लहान तयारी हाताला काम देते. जुने अहवाल तारखेप्रमाणे लावणं, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत काढून ठेवणं, सोबत कोण येणार हे ठरवणं. उरलेल्या वेळात मन गुंतेल असं, जमेल पण सहज जमणार नाही असं काम चांगलं. वाट पाहण्यावरच्या संशोधनातही अशा तल्लीनतेचा उपयोग दिसला आहे. आणि घरच्यांनी ‘काही निघणार नाही’च्या जागी म्हणावं: ‘अजून कळलेलं नाही. बुधवारी कळेल. मी सोबत येतोय.’ या तीन वाक्यांत खोटं काही नाही.

९. हा प्रश्न वाढणार आहे

२०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. म्हणून तपासणी वाढायलाच हवी. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाखांहून अधिक बायकांवर केलेला दीर्घ अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या तपासणीने आजार आधीच्या टप्प्यात सापडतो, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं. मृत्यू टाळण्याची ही स्वस्त वाट आहे. पण कॅन्सर सापडलेल्या प्रत्येक बाईमागे संशयावरून बोलावलेल्या आणि शेवटी निर्धोक ठरलेल्या अनेक जणी असणार. गावोगाव तिशीपुढच्या बायकांना तपासणीला आणणाऱ्या आशाताईंपासून शहरातल्या सेंटरपर्यंत सगळी यंत्रणा या जणींना बोलावते. त्यांच्या वाट पाहण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेत नाही.

ती घेण्यासाठी मोठा निधी लागत नाही. बायॉप्सीच्या प्रत्येक चिठ्ठीवर मराठीत तीन ओळी छापाव्यात: संशय किती आणि कशामुळे, अहवाल कोणत्या तारखेला, तो कोण आणि कसा सांगणार. या तीन ओळी भरल्याशिवाय चिठ्ठी अपुरी समजावी, जशी सहीशिवाय समजली जाते. बाईने खंबीर व्हावं अशी अपेक्षा करण्याआधी तिला हे तीन तपशील मिळाले पाहिजेत. खंबीर व्हायचं की रडायचं, हे मग तिचं ती ठरवेल.